फॉर-ईच म्हणजे मोजणीच्या लूपचे संक्षिप्त रूप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नव्याने प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी जे सदर चालू आहे, त्यातील लूपविषयीचा, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या रचनेविषयीचा, लेख मी दोनदा वाचला. हा विषय मराठीतून आणि इतक्या सोप्या शब्दांत मांडला जातो आहे याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच त्या लेखातील तीन विधानांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. पहिले विधान असे की, फॉर-ईच लूप, म्हणजे यादीसारख्या संग्रहातील प्रत्येक घटकासाठी एकेक फेरी घेणारा लूप, हे नेहमीच्या मोजणीच्या लूपचेच थोडक्यात लिहिलेले रूप आहे. दुसरे असे की, हा लूप संग्रहातील घटक ज्या क्रमाने भरले त्याच क्रमाने हाती देतो. आणि तिसरे, जे मला सर्वांत जास्त खटकले, ते असे की, त्यामागे काय चालते हे नवशिक्याने जाणून घेण्याची गरज नाही. मी बरीच वर्षे प्रोग्रामिंग शिकवते आहे. पहिले विधान अर्धवट खरे आहे, दुसरे चुकीचे आहे आणि तिसऱ्यामुळे विद्यार्थ्यांचे नुकसान होते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

लेखात जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. मोजणीच्या लूपमध्ये तीन गोष्टी प्रोग्रामरने स्वतः लिहायच्या असतात: सुरुवात कुठून, थांबायचे कधी आणि पाऊल केवढे टाकायचे. यांपैकी थांबण्याच्या अटीत 'पेक्षा लहान' ऐवजी 'पेक्षा लहान किंवा समान' असे लिहिले गेले की लूप यादीच्या शेवटच्या घटकापलीकडे एक पाऊल टाकतो, कारण बहुतेक भाषांत इंडेक्स, म्हणजे घटकाच्या जागेचा क्रमांक, शून्यापासून सुरू होतो आणि दहा घटकांच्या यादीतील शेवटचा इंडेक्स नऊ असतो. ही एकाने चुकण्याची भानगड शिकाऊ आणि मुरलेले अशा दोघांच्याही वाट्याला येते. फॉर-ईचमध्ये या तिन्ही जागा उरतच नाहीत, त्यामुळे ती चूक करायला वावच राहत नाही. स्विफ्ट भाषेने २०१६ साली आपल्या तिसऱ्या आवृत्तीत सी-पद्धतीचा मोजणीचा लूप काढून टाकला, कोटलिनने तो कधी घेतलाच नाही, आणि पायथॉनमधला 'फॉर' तर पहिल्यापासून फॉर-ईचच आहे.

मात्र या लूपचा खरा गुण लिहिण्याच्या सोयीत नाही. मोजणीच्या लूपमध्ये संग्रह गप्प असतो आणि लूप त्याच्यावर इंडेक्स लादत जातो: मला शून्याव्या जागेवरचे दे, आता पहिल्या जागेवरचे दे. फॉर-ईचमध्ये हे नाते उलटे होते. लूपला जागा ठाऊक नसतात, संग्रहाची लांबी ठाऊक नसते, आत घटक कसे मांडून ठेवले आहेत हेही ठाऊक नसते. तो संग्रहाला फक्त विचारत राहतो, आणि कुठवर आलो आहोत याचा हिशेब संग्रहाने दिलेला एक मध्यस्थ ठेवतो. या मध्यस्थाला इटरेटर म्हणतात. फॉर-ईच म्हणजे लूप आणि इटरेटर यांच्यातली प्रश्नोत्तरे, एवढे एक वाक्य विद्यार्थ्याच्या मनात पक्के बसले की पुढचे जवळजवळ सारे त्याला स्वतःच्या विचाराने सुटत जाते.

ही प्रश्नोत्तरे प्रत्येक भाषेत थोड्या वेगळ्या रीतीने होतात. जावात २००४ साली पाचव्या आवृत्तीबरोबर हा लूप आला. तिथे कंपायलर, म्हणजे आपला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम, आधी संग्रहाकडून 'इटरेटर' मागून घेतो, मग प्रत्येक फेरीत 'हॅजनेक्स्ट' हा प्रश्न विचारतो, म्हणजे अजून काही उरले आहे का, आणि उत्तर होकारार्थी आले तर 'नेक्स्ट' म्हणून पुढचा घटक घेतो. सी शार्पमध्ये 'मूव्हनेक्स्ट' हे एकच आवाहन एक पाऊल पुढे टाकते आणि पाऊल पडले की नाही ते सांगते, आणि हाती आलेला घटक 'करंट' मध्ये वाचायला मिळतो. पायथॉनमध्ये 'अजून आहे का' असा प्रश्नच नाही. तिथे सरळ पुढचा घटक मागायचा, आणि घटक संपले असतील तर 'स्टॉपइटरेशन' नावाचे एक्सेप्शन, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळे काही घडल्याची सूचना, येते, जे लूप स्वतः झेलतो आणि शांतपणे थांबतो. ही पद्धत पायथॉनच्या २.२ या आवृत्तीत, २००१ साली, भाषेत रुजली. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ च्या प्रमाणकानुसार आलेल्या 'फॉर-ऑफ' लूपला प्रत्येक वेळी एक छोटा ऑब्जेक्ट मिळतो, ज्यात 'व्हॅल्यू' आणि 'डन' असे दोन कप्पे असतात. रस्टमध्ये 'नेक्स्ट' एकतर 'सम' म्हणून आत गुंडाळलेला घटक देतो किंवा 'नन' म्हणून हात रिकामे दाखवतो.

जावाची दोन प्रश्नांची पद्धत वाचायला सरळ वाटते, पण तिच्यात एक फट आहे. स्वतःचा इटरेटर लिहिताना विद्यार्थी 'हॅजनेक्स्ट' मध्येच पुढचा घटक ओढून ठेवतात, आणि मग कोणी तो प्रश्न सलग दोनदा विचारला की एक घटक कोणालाही न दिसता निघून जातो. प्रश्न एकच असेल, मागणे आणि संपल्याचे कळणे एकाच उत्तरात असेल, तर ही फट बुजते. म्हणून मला रस्टची रीत सर्वांत निर्दोष वाटते.

ही कल्पना काल-परवाची नाही. १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएलयू नावाची भाषा घडवली. संग्रहाची आतली रचना बाहेरच्या कोडपासून झाकून ठेवायची, असे त्या भाषेचे मुख्य सूत्र होते. परंतु रचना झाकली की लगेच प्रश्न उभा राहतो: मग बाहेरच्या कोडने त्यातील सगळे घटक पाहायचे कसे? इंडेक्स दिला तर आतली मांडणी उघडी पडते, आणि काहीच दिले नाही तर संग्रह निरुपयोगी ठरतो. यावर त्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे इटरेटर: संग्रहाच्या लेखकानेच लिहिलेला असा भाग, जो 'यील्ड' म्हणत एकेक घटक बाहेर देतो आणि पुढची मागणी येईपर्यंत जागच्या जागी थांबून राहतो. लिस्कोव्ह यांना २००८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज पायथॉनमध्ये आणि सी शार्पमध्ये जो 'यील्ड' लिहिला जातो, त्याचे मूळ शोधत गेले तर आपण याच जागी पोहोचतो. फॉर-ईच टंकलेखन वाचवण्यासाठी जन्माला आला नाही, हे या इतिहासातून स्पष्ट दिसते.

आता पहिल्या विधानाकडे वळते. साध्या ॲरेपुरते ते खरे आहे. जावाचा कंपायलर ॲरेवरच्या फॉर-ईचचे रूपांतर खरोखरच मोजणीच्या लूपमध्ये करतो, कारण ॲरेत घटक सलग असतात आणि त्याची लांबी ठाऊक असते. पण साखळी-यादी घ्या, जिला लिंक्ड लिस्ट म्हणतात. तिच्यात प्रत्येक घटकाला फक्त शेजारच्या घटकाचा पत्ता ठाऊक असतो. पाचशेव्या घटकापर्यंत जायचे तर टोकापासून एकेक कडी ओलांडत जावे लागते. अशा यादीवर मोजणीचा लूप चालवला तर प्रत्येक फेरीत तो टोकापासून पुन्हा चालायला लागतो. जावाची साखळी-यादी जवळच्या टोकापासून चालते, तरी सरासरीने यादीच्या एक चतुर्थांश कड्या दर वेळी ओलांडाव्या लागतात. म्हणजे १ लाख घटकांच्या यादीत सुमारे २५० कोटी पावले होतात. फॉर-ईचमध्ये इटरेटर आपण कोणत्या कडीवर उभे आहोत हे लक्षात ठेवतो आणि १ लाख पावलांत काम उरकतो. दोन्ही कोड बरोबर उत्तर देतात, दोन्ही दिसायला सारखेच दिसतात, आणि तरीही एक क्षणात संपतो तर दुसऱ्याची वाट बघत बसावे लागते. हे जर 'संक्षिप्त रूप' असते तर असा फरक पडला नसता.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे, फॉर-ईचला लांबी लागतच नाही. एखादी प्रचंड फाइल ओळीओळीने वाचायची असेल तर तिच्यात किती ओळी आहेत हे शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचल्यावाचून कळत नाही, पण पायथॉनमध्ये त्या फाइलवर सरळ फॉर लावता येतो आणि मेमरीत साऱ्या फाइलचा भार पडत नाही. जनरेटर, म्हणजे मागणी आल्यावरच एकेक घटक तयार करून देणारी वस्तू, वापरून अनंत चालणारी अंकमालाही लूपला देता येते, मात्र योग्य वेळी 'ब्रेक' म्हणून लूप थांबवण्याची जबाबदारी मग आपल्यावर येते. याउलट सी भाषेकडे पाहा. तिच्यात आजही भाषेचा स्वतःचा फॉर-ईच नाही. सीमध्ये ॲरे एखाद्या फंक्शनकडे पाठवला की तो केवळ पहिल्या घटकाचा पत्ता बनून पोहोचतो, लांबी मागेच राहते. ज्याला स्वतःचा शेवट सांगता येत नाही, त्याला 'अजून आहे का' हे विचारून उपयोग काय?

जनरेटरचा विषय निघाला म्हणून एक भेद सांगायला हवा, जो आपल्या लेखात नाही आणि अनेक पाठ्यपुस्तकांतही पुरेसा ठसवलेला नसतो. यादी आणि इटरेटर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. यादीवर कितीही वेळा लूप लावा, ती दर वेळी नवा इटरेटर देते आणि फेरी पहिल्यापासून सुरू होते. जनरेटर मात्र स्वतःच इटरेटर असतो. एकदा संपला की संपला. त्याच्यावर दुसऱ्यांदा लूप लावला तर एकही फेरी होत नाही आणि एररही येत नाही. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत 'मॅप', 'फिल्टर' आणि 'झिप' या फंक्शनांकडून मिळणारी वस्तूही याच जातीची झाली. विद्यार्थी आधी बेरीज काढतो, मग त्याच वस्तूवरून सरासरीसाठी घटक मोजायला जातो आणि मोजणी शून्य येते. त्याला वाटते संगणक बिघडला. त्याला जर ठाऊक असेल की लूप मागे कोणाशी तरी बोलतो आहे आणि त्या कोणाजवळचे देणे एकदाच संपते, तर तो दोन मिनिटांत चूक शोधतो.

आता अशा जागेविषयी लिहिते, जिथे 'आत काय चालते हे कळण्याची गरज नाही' या सल्ल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. उमेदवारीच्या काळात मी नोंदी स्वच्छ करणारा एक पायथॉन प्रोग्राम लिहिला होता. यादीवर फॉर लावायचा, नोंद रिकामी असेल तर ती यादीतून काढून टाकायची, एवढेच काम. चाचणीत तो बिनचूक चालला. प्रत्यक्ष माहितीवर चालवला तेव्हा काही रिकाम्या नोंदी तशाच राहिल्या, काही गेल्या. दोन दिवस मी रिकामी नोंद ओळखण्याची अट तपासत बसले. चूक अटीत नव्हतीच.

ती कुठे होती हे चार अंकांच्या यादीवरून दिसेल. समजा यादीत ४, ७, ७, ९ असे अंक आहेत आणि फॉर चालू असतानाच सात काढून टाकायचे आहेत. पायथॉनच्या यादीचा इटरेटर आतून केवळ एक जागा लक्षात ठेवतो. शून्याव्या जागेवर ४ आहे, पुढे चला. पहिल्या जागेवर ७ आहे, तो काढला. काढताक्षणी उरलेले अंक एक एक जागा अलीकडे सरकले आणि यादी ४, ७, ९ अशी झाली. पण इटरेटर दुसऱ्या जागेकडे निघालेला आहे, आणि तिथे आता ९ आहे. दुसरा ७ सरकून पहिल्या जागेवर येऊन बसला आणि त्याच्याकडे कोणी पाहिलेच नाही. लूप संपतो, एक सात उरतो, कोणतीही एरर येत नाही. माझ्या चाचणीच्या माहितीत दोन रिकाम्या नोंदी लागून कुठेच नव्हत्या. प्रत्यक्ष माहितीत त्या होत्या. ज्या फांदीवर बसलो आहोत तिच्यावरच घाव घालायचा आणि फांदी मोडल्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही, असा हा प्रकार आहे.

निरनिराळ्या भाषांनी या एका प्रश्नाला दिलेली उत्तरे पाहिली की त्या त्या भाषेचा स्वभाव कळतो. पायथॉनची यादी गप्प राहते, पण त्याच पायथॉनमध्ये डिक्शनरीवर, म्हणजे चावी आणि किंमत अशा जोड्यांच्या संग्रहावर, लूप चालू असताना तिचा आकार बदलला तर पुढच्या फेरीला रनटाइम एरर येते. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टरवर, म्हणजे गरजेनुसार वाढणाऱ्या ॲरेवर, फॉर-ईच चालू असताना त्यात नवा घटक ढकलला आणि व्हेक्टरला जागा अपुरी पडून त्याने आपला मुक्काम मेमरीत दुसरीकडे हलवला, तर हातातला इटरेटर जुन्या, सोडून दिलेल्या जागेकडेच बोट दाखवत राहतो, आणि त्यानंतर काय होईल याची कोणतीही हमी भाषा देत नाही. रस्टमध्ये असा कोड कंपाइलच होत नाही. यादी लूपला उसनी दिलेली असताना तिच्यात बदल करता येणार नाही, असे कंपायलर आधीच बजावतो. विद्यार्थ्यांना सुरुवातीला या कडकपणाचा राग येतो. मला त्या दोन दिवसांची आठवण येते आणि मी कंपायलरची बाजू घेते.

जावाचे उत्तर थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यावर बरेचजण गाफीलपणे विसंबतात. जावाची ॲरेलिस्ट ही यादी आपल्यात किती वेळा बदल झाले याचा आकडा ठेवते. इटरेटर जन्मतःच तो आकडा टिपून घेतो, आणि 'नेक्स्ट' च्या वेळी दोन्ही आकडे जुळले नाहीत तर 'कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन' फेकतो. इथवर ठीक. आता तीन नावांच्या यादीत फॉर-ईच चालू असताना दुसरे, म्हणजे शेवटून दुसरे, नाव काढून पाहा. एक्सेप्शन येत नाही! इटरेटरने दोन नावे दिलेली असतात, म्हणजे त्याची जागा दोन. काढल्यामुळे यादीची लांबीही दोन झालेली असते. 'हॅजनेक्स्ट' फक्त हे दोन आकडे ताडून पाहतो, ते सारखे दिसतात, म्हणून तो म्हणतो की काही उरले नाही. 'नेक्स्ट' ला हाक मारलीच जात नाही, बदलाचा आकडा तपासलाच जात नाही, आणि तिसरे नाव न पाहताच लूप संपतो. पहिले किंवा तिसरे नाव काढले असते तर एक्सेप्शन आले असते. ही तपासणी शक्य तेवढी केली जाते, तिची खात्री धरू नये, असे जावाच्या अधिकृत दस्तऐवजातही नमूद आहे. उपाय अवघड नाहीत. इटरेटरच्याच 'रिमूव्ह' ने घटक काढावा, किंवा २०१४ साली आठव्या आवृत्तीत आलेले 'रिमूव्हइफ' वापरावे, किंवा मूळ यादीला हात न लावता हवे ते घटक नव्या यादीत घ्यावेत. मी विद्यार्थ्यांना शेवटचाच मार्ग आधी शिकवते, कारण तो सगळ्या भाषांत चालतो.

दुसरा असाच गुंता लूपच्या व्हेरिएबलचा आहे. प्रत्येक फेरीत जे नाव आपल्या हाती येते, ते मूळ घटकाचे दुसरे नाव आहे की त्याची प्रत आहे? पर्लमध्ये ते मूळ घटकाचेच दुसरे नाव असते, त्यामुळे ते बदलले की यादी बदलते. गो भाषेत ती प्रत असते, त्यामुळे स्ट्रक्टच्या, म्हणजे अनेक किमती एकत्र बांधलेल्या घटकांच्या, यादीत लूपच्या व्हेरिएबलमधून किंमत बदलली तर मूळ यादीवर ओरखडाही उमटत नाही. सी प्लस प्लसने २०११ च्या प्रमाणकात हा लूप आणताना निवड प्रोग्रामरवर सोडली: नुसते 'ऑटो' लिहिले तर प्रत, त्यापुढे 'अँड' चे चिन्ह लावले तर मूळ घटक. पीएचपीतला अनुभव तर मुद्दाम करून पाहावा असा आहे. १, २, ३ या ॲरेवर मूळ घटक पकडणारे संदर्भाचे चिन्ह लावून फॉरईच चालवा, आत काहीही करू नका. मग त्याच नावाच्या व्हेरिएबलने, चिन्ह न लावता, पुन्हा फॉरईच चालवा, आताही आत काही करू नका. ॲरे छापून पाहिला तर १, २, २ निघतो. पहिला लूप संपला तरी ते नाव शेवटच्या घटकाला चिकटून राहिलेले असते, आणि दुसऱ्या लूपची प्रत्येक फेरी आपला घटक त्या नावात, म्हणजेच शेवटच्या जागेवर, लिहीत जाते. पहिल्या फेरीत तिथे १ येतो, दुसरीत २, आणि तिसरीत तो २ स्वतःवरच पुन्हा लिहिला जातो. दोन लूपच्या मध्ये 'अनसेट' ची एक ओळ लिहिली की हे थांबते, पण ती ओळ का लिहायची हे कळायला व्हेरिएबल म्हणजे काय हे कळलेले असावे लागते.

हे व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांसाठी एकच असते की प्रत्येक फेरीला नवे मिळते, हा प्रश्न तर भाषा घडवणाऱ्यांनाही चकवून गेला आहे. लूपमध्ये तीन छोटी फंक्शने तयार करून ठेवली, प्रत्येकाने त्या फेरीतला घटक छापावा असे सांगितले, आणि लूप संपल्यावर ती चालवली, तर व्हेरिएबल एकच असलेल्या भाषेत तिघेही शेवटचाच घटक छापतात. सी शार्पने २०१२ साली पाचव्या आवृत्तीत आपल्या फॉरईचचा हा नियम बदलला. गोने फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या १.२२ या आवृत्तीत तो बदलला, आणि जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून ज्या मॉड्यूलच्या फाइलमध्ये ही किंवा नंतरची आवृत्ती जाहीर केली आहे त्यांनाच नवा नियम लावला. भाषेच्या स्थापित अर्थात बदल करायला कर्ते सहसा तयार नसतात. इथे ते तयार झाले, यावरूनच या चुकीचा उपद्रव किती असेल ते लक्षात यावे.

क्रमाविषयीच्या विधानाला फार जागा लागणार नाही. यादी आणि ॲरे क्रमाने घटक देतात, कारण क्रम हा त्यांचा धर्म आहे. पण हॅशवर, म्हणजे घटकावरून गणिताने त्याची जागा ठरवण्यावर, आधारलेल्या संग्रहांना क्रम असेलच असे नाही. जावाचा हॅशमॅप क्रमाची कोणतीही हमी देत नाही, ती हवी असेल तर लिंक्डहॅशमॅप घ्यावा लागतो. पायथॉनच्या डिक्शनरीत भरण्याचा क्रम टिकेल अशी हमी भाषेने २०१८ साली, ३.७ या आवृत्तीपासून दिली, पण तिथल्या सेटला, म्हणजे पुनरावृत्ती नसलेल्या घटकांच्या संग्रहाला, ती आजही नाही. आणि गोमध्ये तर मॅपवरची, म्हणजे तिथल्या डिक्शनरीवरची, फेरी मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणापासून सुरू केली जाते, जेणेकरून कोणी त्या क्रमावर विसंबूच नये. ही युक्ती मला फार आवडते. ज्या गोष्टीची हमी नाही ती शंभरदा योगायोगाने जुळून आली की माणूस तिला नियम समजू लागतो, आणि एकशे एकाव्या वेळी प्रोग्राम कोसळतो. गो तो योगायोगच होऊ देत नाही.

लेखात जावास्क्रिप्टचे उदाहरण 'फॉर-इन' ने दिले आहे, त्याबद्दलही एक दुरुस्ती सुचवते. जावास्क्रिप्टमध्ये 'फॉर-इन' घटक देत नाही, घटकांच्या चाव्या देतो, आणि त्याही स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, रूपात. ॲरेवर तो चालवून मिळालेल्या इंडेक्समध्ये १ मिळवला तर शून्य अधिक एक बरोबर एक असे उत्तर न येता '०१' अशी स्ट्रिंग तयार होते. घटक हवे असतील तर 'फॉर-ऑफ' वापरावा. त्याच भाषेत ॲरेचे 'फॉरईच' नावाचे एक फंक्शनही आहे, पण नावसाधर्म्यावर जाऊ नये. तो लूप नाही, त्यात 'ब्रेक' चालत नाही, आणि त्याला दिलेल्या फंक्शनमध्ये 'अवेट', म्हणजे काम पुरे होईपर्यंत थांब, असे लिहिले तरी तो कोणासाठी थांबत नाही. तिथे लूप प्रश्न विचारत नसतो. ॲरे स्वतःच सगळे घटक आपल्या हातात एकामागून एक कोंबत जातो, आणि पुरे म्हणायची सोय ठेवत नाही.

इटरेटर नवशिक्याला झेपणार नाही, असा लेखकाचा आक्षेप असू शकतो. माझा अनुभव वेगळा आहे. पहिल्या महिन्यातच मी विद्यार्थ्यांकडून पायथॉनमध्ये फॉर न वापरता तेच काम करून घेते: 'इटर' ने यादीकडून इटरेटर मागायचा, 'नेक्स्ट' म्हणत एकेक घटक घ्यायचा, आणि घटक संपल्यावर पडद्यावर येणारे 'स्टॉपइटरेशन' डोळ्यांनी पाहायचे. यासाठी पंधरा मिनिटे पुरतात. त्यानंतर चालू लूपमध्ये यादीतून घटक काढायला कोणी निघाले की शेजारचा विद्यार्थीच त्याचा हात धरतो.

पुढच्या अंकात निदान दोन दुरुस्त्या छापाव्यात, अशी माझी विनंती आहे. क्रमाविषयीचे वाक्य यादी आणि ॲरे यांच्यापुरते मर्यादित करावे, आणि जावास्क्रिप्टच्या उदाहरणातील 'फॉर-इन' च्या जागी 'फॉर-ऑफ' घालावा. सदरात जागा असेल तर ४, ७, ७, ९ चे उदाहरणही द्यावे. ते करून पाहायला वाचकाला चार ओळींपेक्षा जास्त कोड लिहावा लागणार नाही.

आपली नम्र,
प्रोग्रामिंगची एक शिक्षिका